करमाडच्या थांब्याचा मेल

कॉम्प्युटर विभागाच्या सोनिया मॅडमची नोटीस आली तेव्हा शेंद्र्याच्या त्या कंपनीत सगळ्यांनी ती वाचली आणि सोडून दिली. एकट्या आप्पासाहेब पठाड्यांनी ती मनावर घेतली, आणि तिथंच घोटाळा झाला. नोटीस तशी साधी होती. सर्व्हर बदलणार, जुने मेल शुक्रवारनंतर उडणार. कुणाला ठेवायचेच असतील तर साहेबांची सही घ्यावी आणि आपापल्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवावेत.

आप्पासाहेब डिस्पॅचमध्ये अठरा वर्षं होते. कोणता ट्रक किती वाजता सुटला आणि का उशिरा सुटला, एवढाच त्यांच्या मेलचा विषय. (बहुतेक उशिराच सुटलेला असे.) असले मेल कुणी जपून ठेवावेत असं काही नव्हतं. पण पठाड्यांच्या घरात कागद टाकून द्यायची रीतच नव्हती. वैजापूरकडच्या त्यांच्या गावी आजोबांची पत्र्याची पेटी होती. तिच्यातल्या एका निजामाच्या काळातल्या पावतीवर वडिलांनी बांधाची केस जिंकली होती, आणि तेव्हापासून लक्ष्मीपूजनाला त्या पेटीला हळदीकुंकू लागायचं. त्या घरात वाढलेला माणूस अठरा वर्षांचे मेल उडू देईल, हे शक्यच नव्हतं.

त्यांनी सही घेतली, सोनिया मॅडमच्या पुढ्यात दोन दिवस बसून राहिले, आणि तेवीस हजार मेल मुकुंदवाडीच्या घरी आणले. कॉम्प्युटर लेकीचा, म्हणजे अपेक्षाचा. तिनं विचारलं, पप्पा, यांचं करायचं काय? आप्पासाहेब म्हणाले, पुरावा आहे. कशाचा, ते तिनं विचारलं नाही आणि त्यांनाही सांगता आलं नसतं. पण त्या आनंदात त्यांनी सासरवाडीला, करमाडला फोन लावला आणि मेव्हण्यांना सांगून टाकलं की आपलं सगळं लिखाण आता घरी आलंय.

हा फोन करायला नको होता. का, ते कळण्यासाठी अकरा वर्षं मागं जावं लागेल.

तेव्हा जालन्याकडून येणारी कंपनीची बस करमाडला थांबत नसे. गावातली तीसेक माणसं कामाला होती, ती कशीबशी मिळेल त्या वाहनानं शेंद्र्याला पोचायची. संक्रांतीला खंडेराव, म्हणजे तेच मेव्हणे, तिळगूळ देता देता म्हणाले, दाजी, तुमच्या शब्दाला कंपनीत वजन आहे, तेवढं बसचं बघा. शब्दाला वजन आहे ही बातमी दाजींनीच सासरवाडीत पसरवलेली होती. घरी येऊन ते रोज सांगत, आज मोठ्या साहेबाला असा मेल टाकला की गडी दिवसभर केबिनच्या बाहेर आला नाही. बायको, तनुजाबाई, भाकरी थापत ऐकून घेत. करमाडला मात्र या गोष्टी माणसं चहा थांबवून ऐकत. तेव्हा आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवून सांगितलं, टाकतो मेल. पुढं दोन महिन्यांनी एके दिवशी खंडेराव पेढे घेऊन आले. बस थांबायला लागली होती. दाजींच्या मेलनं. आप्पासाहेब काहीतरी सांगणार होते, पण तेवढ्यात तोंडात पेढा आला.

तेव्हापासून त्या मेलची कीर्ती वाढतच गेली. कुणी म्हणे साहेबानं तो वाचून पाणी मागितलं, कुणी म्हणे साहेब स्वतः फाट्यावर येऊन बस थांबवून गेला. मेल दाखवा म्हटलं की आप्पासाहेब सांगायचे, तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहे, बाहेर काढता येत नाही. ही ढाल अकरा वर्षं टिकली होती. ती त्यांनी आता स्वतःच्या हातानं, सोनिया मॅडमची मदत घेऊन, मोडून टाकली होती.

शनिवारी दुपारी खंडेरावांचा फोन आला. नव्या ट्रॅक्टरनं तीन महिन्यांत चौथ्यांदा मान टाकली होती आणि शोरूमवाला दाद देत नव्हता.

"दाजी, तो बसचा मेल आता घरी आलाय म्हणता ना? उद्या येतो. तोच मेल घ्यायचा, बसच्या जागी ट्रॅक्टर लिहायचं आन् द्यायचा पाठवून. शोरूमवाला सुतासारखा सरळ यील."

फोन ठेवल्यावर आप्पासाहेब कॉम्प्युटरपुढं बसले. तनुजाबाई मंडईत गेल्या होत्या, अपेक्षा क्लासला. त्यांनी शोधात 'करमाड' टाकलं आणि तो मेल अकरा वर्षांनी पुन्हा वाचला.

आदरणीय सर, डिस्टर्ब केल्याबद्दल सॉरी. जालन्याची बस करमाडला थांबवणं शक्य असेल तर बरं होईल. शक्य नसेल तरी काही प्रॉब्लेम नाही.

खाली ऑफिसचं उत्तर होतं. बस गेल्या आठवड्यापासून करमाडला थांबते आहे. ड्रायव्हर तिथं चहा घेतो, तेवढ्यात लोक चढतात. मेल करण्याआधी चौकशी करत जा. आणि त्याखाली आप्पासाहेबांचं उत्तर होतं, नोटेड सर. सॉरी सर. पुन्हा असं होणार नाही.

नोकरीची त्यांना चिंता नव्हती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. प्रश्न करमाडचा होता. ज्या गावात जावयाला अजून पाटावर बसवून वाढतात, त्या गावात उद्या संध्याकाळपर्यंत हा 'शक्य नसेल तरी काही प्रॉब्लेम नाही' घरोघर पोचणार होता. मेल उडवून टाकावा असं एकदा मनात आलं. पण हात धजेना. पेटीतला कागद फाडणारा पठाडे अजून जन्माला यायचा होता.

मग त्यांना सुचलं की फाडता येत नसेल, तर एक कागद वाढवता येईल. आज एक जबर मेल लिहायचा, त्यावर जुनी तारीख टाकायची आणि उद्या तो दाखवायचा. अडचण इंग्रजीची होती. आप्पासाहेबांना नम्र इंग्रजी येत होतं, रागाचं येत नव्हतं. पण रागाचं इंग्रजी हवं तेवढं त्यांच्याच पेटीत होतं. अठरा वर्षांत साहेब लोकांनी त्यांना जे जे झापलं होतं, ते सगळं तारीखवार लावलेलं होतं. त्यांनी एका साहेबाचं 'हे अजिबात खपवून घेतलं जाणार नाही' उचललं, दुसऱ्याचं 'चोवीस तासांत खुलासा करा' घेतलं, तिसऱ्याचं 'तुम्हाला लाज कशी वाटत नाही' जरा सौम्य करून मध्ये बसवलं. शेवटाला 'तुम्ही झोपेत काम करता की कामात झोपता' हे वाक्य ठेवलं, कारण ते त्यांना स्वतःला फार लागलं होतं. तासाभरात असा मेल तयार झाला की वाचताना आप्पासाहेबांनाच उठून उभं राहावंसं वाटलं.

वर पत्ता मोठ्या साहेबांचा टाकला. ते साहेब केव्हाच कंपनी सोडून गेले होते, म्हणजे पत्ताही मेला असणार. तरीही खबरदारी म्हणून त्यांनी आधी वायफायच्या डबीची वायर उपटली, मग मेल पाठवायचं बटण दाबलं. मेल पाठवल्यासारखा दिसायला हवा आणि जायला मात्र नको. तो तिथंच कुठंतरी पडून राहिला. घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं घरीच राहतं, अशी त्यांची समजूत होती. पेटीतला कागद काही आपण होऊन तहसीलला चालत जात नाही.

रविवारी खंडेराव आले. सोबत दोन कलिंगडं होती. अपेक्षानं मेल उघडला आणि मामांना मराठीत करून सांगितला. खंडेराव मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होते. 'झोपेत काम करता की कामात झोपता' आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"दाजी, लई जबर. मोठ्या साहेबाला असं लिव्हायला वाघाचं काळीज लागतं."

अपेक्षानं मेलच्या कडेची खरी तारीख पाहिली, जी कालची होती. मग तिनं खालचा जुना मेल पाहिला. मग वडिलांकडं पाहिलं. आप्पासाहेब कलिंगड कापण्यात गढून गेले होते. मुलगी समंजस होती. मामांना शोरूमच्या हेड ऑफिसचा पत्ता हवा होता, तो शोधायला तिनं उठून वायफायची वायर लावली. कॉम्प्युटरनं हलकासा 'सूं' आवाज केला.

"हे काय झालं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काही नाही पप्पा. अडकलेला मेल होता एक. गेला."

सोमवारी दहा वाजता मोठ्या साहेबांच्या केबिनमधून बोलावणं आलं. साहेब बदलले होते, पण पत्ता माणसाचा नव्हता, खुर्चीचा होता. नव्या साहेबांनी मेल छापून टेबलावर ठेवला होता. ते रागावलेले वाटले नाहीत, विचारात पडलेले वाटले.

"पठाडे, यातलं शेवटचं वाक्य माझं आहे," साहेब म्हणाले. "मागच्या दिवाळीत मी तुम्हालाच लिहिलं होतं."

आप्पासाहेबांनी सांगितलं की वाक्य चांगलं होतं म्हणून जपून ठेवलं होतं. साहेबांनी छापलेला मेल पुन्हा एकदा वाचला. बाकी ते न्यायी माणूस होते. एवढ्या पोटतिडकीनं लिहिलंय म्हणजे तक्रार खरी असणार, असं म्हणून त्यांनी करमाडच्या थांब्याची चौकशी लावली. चौकशीत निघालं की करमाडला थांबा नाहीच. कुणीही, कधीही, कोणत्याही कागदावर मंजूर केलेला नाही. कडुबा नावाचा ड्रायव्हर अकरा वर्षं तिथं विनापरवानगी चहा पितोय. मंगळवारी हुकूम निघाला आणि बुधवारी सकाळी बस करमाडवरून न थांबता निघून गेली.

साडेसातला खंडेरावांचा फोन आला. तीस माणसं फाट्यावर उभी राहिली होती, पोरीबाळी डबे घेऊन रडकुंडीला आल्या होत्या, आणि गावात एकच बोलणं चाललं होतं.

"ज्यांनी चालू केली तेच आता परत चालू करतील, असं म्हणायलेत समदे. दाजी, टाका तुमचा मेल. तसाच टाका, जबर."

आप्पासाहेबांनी रजा टाकली. खरं म्हणजे त्यांना फार वाईट वाटत होतं. आपल्या बढाईपायी तीस माणसांची सोय गेली, हे त्यांना घासभरही खाऊ देत नव्हतं. तनुजाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर बसून आप्पासाहेबांनी सगळं कबूल केलं; पेढा, ढाल, जोडलेला मेल, उपटलेली वायर. करमाडचं माहेर म्हणून बायको आता कसा अवतार धारण करते, याची वाट पाहत मान खाली घातली.

तनुजाबाई मेथी निवडत राहिल्या.

"माहीतंय मला," त्या म्हणाल्या. "बस तुमच्या मेलनं थांबलीच नव्हती. कडुबाची लक्ष्मीबाई माझ्या वर्गातली, करमाडचीच. तिला मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला सांग, चहा घ्यायचा तर करमाडला घेत जा. दुसऱ्या दिवसापासून थांबायला लागली."

आप्पासाहेबांनी मान वर केली. मग त्यांच्यातला पेटीवाला पठाडे जागा झाला आणि त्यांनी विचारलं, याला पुरावा काय?

"पुरावा कशाला? मी काय मेल टाकला होता का?"

"मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलून काय करायचं होतं? बस थांबत होती ना."

मेथी निवडून झाल्यावर त्यांनी लक्ष्मीबाईला फोन लावला. घरच्या चौकश्या झाल्या, मग मुद्दा निघाला. कडुबानं करमाडला थांबायचं नाही असा हुकूम आहे, तर नाय थांबायचं. पण फाट्याच्या पुढं दोनशे पावलांवर पंक्चरचं दुकान आहे. एवढी तीस-चाळीस माणसांची बस, टायरमधली हवा बघायला नको का रोज? त्याला काही कुणाचा हुकूम लागत नाय.

गुरुवारी सकाळी बस पंक्चरच्या दुकानापाशी पाच मिनिटं थांबली. तीस माणसं चढली. हवा बरोबर होती.

रविवारी करमाडच्या मारुतीच्या पारावर आप्पासाहेबांचा सत्कार झाला. तिथं खरं सांगून टाकायचं असं ते ठरवून गेले होते. पण खंडेरावांनी भाषणात पुन्हा ते 'झोपेत काम करता' म्हणून दाखवलं, टाळ्या पडल्या, आणि आप्पासाहेब उभे राहून एवढंच म्हणाले की यात माझं एकट्याचं काही नाही. लोकांना त्यांचा विनय फार आवडला. तनुजाबाई बायकांच्यात बसून शेंगा खात होत्या. आप्पासाहेबांच्या अंगावर गुलाबी काठाची शाल पडली, फोटो निघाला, आणि तो फोटो त्यांनी तिथल्या तिथं पुरावा म्हणून स्वतःला मेल केला.

घरी पोचेपर्यंत त्यांना स्वतःलाही थोडं थोडं खरं वाटायला लागलं होतं. चपला काढत ते म्हणाले, शेवटी काही असो, शब्दाला वजन लागतं.

तनुजाबाईंनी त्यांच्या खांद्यावरची शाल काढली आणि तिची नीट घडी घातली.

"ही राहू द्या माझ्याकडं. टायरच्या बोलीत कडुबाला शाल कबूल केलीय मी. आन् पुन्हा ते वजनाचं करमाडला बोलू नका."

आप्पासाहेब उभे होते ते सरळ झाले. अठरा वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघून गेलं.

"नोटेड, सर. सॉरी, सर. पुन्हा असं होणार नाही."