वीतभर खाली

जाळीत अडकलेला चेंडू काढायला इतिहासाच्या सरांनी हात वर केला आणि हात जाळीपर्यंत पोचलाच नाही.

सामना परक्या कॉलेजच्या कोर्टवर होता आणि सरांचा संघ नेहमीप्रमाणे हरत होता. आपल्या कोर्टवर चेंडू जाळीत अडकला की सर रुबाबात पुढे होत आणि टाचाही न उचलता खालून चेंडू ढकलून मोकळा करत. खरं तर संघासाठी त्यांना जमणारं तेवढं एकच काम होतं. बास्केटबॉल ते जन्मात खेळले नव्हते. खेळाचे शिक्षक नोकरी सोडून गेले तेव्हा प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये एकदा नजर फिरवली, सगळ्या डोक्यांच्या वर एक डोकं दिसलं आणि इतिहासाचे सर मुलांच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले.

सरांनी टाचा उचलल्या. मग उडी मारली. पन्नाशीच्या माणसाने भर सभेत उडी मारली की जे व्हायचं तेच झालं. चेंडू जागच्या जागी राहिला आणि शर्ट पँटमधून बाहेर आला. शेवटी पंचांनी दुसरा चेंडू फेकून पहिला खाली पाडला. मुलं सामना हरली, पण घरी जाताना सरांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यांना वेगळीच धास्ती लागली होती.

"अगं, मी खुजा होत चाललोय," घरात पाऊल टाकताच त्यांनी बायकोला सांगितलं.

बायको शाळेत गणित शिकवायची. पेपर तपासता तपासता ती म्हणाली, "पंख्याला डोकं लागायचं थांबलंय का?"

"चेष्टा करू नकोस. माझ्याकडे आहे काय दुसरं? उंची गेली तर प्राचार्य मला ओळखणारसुद्धा नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून सर सकाळ-संध्याकाळ दूध प्यायला लागले. दाराच्या चौकटीला लोंबकळायला लागले. चौकट कुरकुरली, सर नाही. डॉक्टरांकडे गेले, तर डॉक्टर म्हणाले, "वयानुसार माणूस थोडा आखडतोच." या एका वाक्यावर सरांची झोप उडाली. त्यानंतरचा सामना घरच्या कोर्टवर होता. चेंडू अडकला, सरांनी भीत भीत हात वर केला आणि बोटं थेट चेंडूला लागली. सर इतके खूश झाले की आपला संघ जिंकतोय हे त्यांना कॅप्टनने हलवून सांगावं लागलं.

"दूध लागू पडलं!" त्यांनी घरी जाहीर केलं.

पण पुढच्या सामन्याला बाहेर गेले आणि हात पुन्हा तोकडा पडला. आता मात्र सरांनी हाय खाल्ली.

"म्हणजे घरी तुम्ही उंच आणि बाहेर बुटके," बायको म्हणाली. "मी आजवर ऐकलं होतं की पुरुष बाहेर वाघ आणि घरात शेळी असतो. तुमचं उलटंच निघालं. आणि तुमची मुलं? ती घरी कशी खेळतात?"

"घरी सगळे सामने जिंकले. बाहेर सगळे हरले. कॅप्टन म्हणतो, बाहेर गेलं की चेंडू जड होतो."

बायकोने लाल पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही आखडला नाहीत आणि चेंडूही जड झाला नाही. शिडी घ्या, टेप घ्या आणि तुमची रिंग मोजून या."

सरांनी मोजली. दोन्हीकडची मोजली. मग खाली उतरून शिडीच्या पायरीवर बसून राहिले. रिंग नियमापेक्षा चांगली वीतभर खाली होती. तसं म्हटलं तर रिंग खाली आलीच नव्हती, जमीन वर आली होती. कॉलेजला जे जे प्राचार्य लाभले, त्यांनी आपल्या कारकिर्दीची आठवण म्हणून कोर्टवर नवा थर घातला होता आणि जुना उकरायची तसदी कोणीच घेतली नव्हती. मुलं त्या बुटक्या रिंगवर शिकली. बाहेर त्यांचे चेंडू रिंगच्या खालीच धडकत आणि घरी पाहुण्यांचे चेंडू रिंगवरून उडून पलीकडे जात. सगळ्या हंगामाचं गुपित हे एवढंच.

आणि नेमका अंतिम सामना घरच्या कोर्टवर होता.

प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं, "सर, करंडक आला तर संघ राहील. नाहीतर त्या जागेत गाड्या लावायची सोय करू. बाहेर जाऊन हरायला आपल्याकडे मराठीचा वादविवाद संघ आहे." मुलांना हे ठाऊक होतं. अभ्यासात त्यांच्यातला एकही चमकणारा नव्हता. कॅप्टन संघात सगळ्यात ठेंगू होता आणि म्हणूनच सगळे त्याला टॉवर म्हणत. तो तर कॉलेजात येत होता तो केवळ या कोर्टसाठी. वर्गात तो बाकावर ओणवा होऊन बसे आणि कोर्टवर आला की ताठ होई. सरांनी हे पाहिलं होतं, आणि इतिहास शिकवून एवढा ताठ झालेला एकही विद्यार्थी त्यांच्या पाहण्यात नव्हता. पोरांचं वाईट व्हावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

"गप्प बसलो तर जिंकू," ते रात्री जेवताना म्हणाले.

"मग बसा."

"पण ते जिंकणं कसलं गं? मी मुलांना वर्गात लबाड राजांच्या नावाने बोटं मोडून दाखवतो."

"मग बसू नका. पण घास तरी गिळा."

सामन्याच्या आदल्या दिवशी सरांनी मुलांना खरं सांगून टाकलं, पाना मागवला, सगळ्यांनी मिळून बोल्ट सैल केले आणि दोन्ही रिंगा नियमाच्या उंचीवर चढवल्या. मग सराव सुरू झाला. त्याला सराव म्हणायचं ते केवळ सवयीने. चेंडू रिंगला खालून धडकत होते, बोर्डला लागत होते, एक तर ग्रंथपालांच्या खिडकीत गेला.

"सर," टॉवर घाम पुसत म्हणाला, "हे तुम्हाला परवाच्या दिवशी नसतं का करता आलं?"

"परवा सामना झालेला असेल."

"तेच म्हणतोय मी."

पण तो हसला नाही. बाकीच्यांनी सरांकडे पाहिलंही नाही. सरांचं काळीज तुटलं. तरी रिंग त्यांनी खाली येऊ दिली नाही.

अंतिम सामन्याला सगळं कॉलेज लोटलं होतं. प्राचार्य पहिल्या रांगेत होते. समोरचा संघ महिन्यापूर्वी याच कोर्टवर हरून गेलेला, त्यामुळे डिवचलेला. त्यांचे कोच मिशांना पीळ देत उभे होते. शिट्टी वाजली. पाहुण्यांच्या पहिल्याच खेळाडूने सफाईने चेंडू फेकला आणि तो रिंगच्या खालून निघून गेला. दुसऱ्याचाही तसाच. तिसऱ्याने जाळी हलवली, पण बाहेरून. इकडे सरांची मुलंही काही वेगळं करत नव्हती. मध्यंतरापर्यंत फलकावर दोन्हीकडे भोपळे लटकत होते. लोकांना आधी हसू आलं, मग टाळ्या सुचल्या, मग चेंडू कुणाच्याही हातात गेला तरी सगळे श्वास रोखून बसायला लागले.

मध्यंतरात पाहुण्यांचे कोच तरातरा सरांकडे आले. मिशांचा पीळ सुटला होता.

"रिंग वर केलीत तुम्ही?" ते दबक्या आवाजात गुरगुरले.

"हो. काल. नियमाप्रमाणे."

"असं कोणी करतं का हो! मागच्या वेळी हरल्यावर मी गुपचूप माप घेऊन गेलो होतो. महिनाभर आमची रिंग वीतभर खाली उतरवून पोरांकडून सराव करून घेतला."

सरांनी विचारलं, "मग तेव्हाच तक्रार का नाही केलीत?"

"चोरावर मोर व्हायचं होतं," कोच म्हणाले आणि कपाळाला हात लावून शेजारीच बसले. आता तक्रार करायची सोय त्यांना राहिली नव्हती, आणि सरांना तर करायची नव्हतीच.

दुसऱ्या डावात मात्र टॉवर पेटला. बाहेरचे सगळे हरलेले सामने तो याच उंचीवर खेळला होता, हे बहुधा त्याच्या हातांना उशिरा आठवलं. त्याने एक बास्केट केली, मग आणखी एक. पाहुण्यांनीही कशीबशी बरोबरी साधली. शेवटी पाहुण्यांना एक मोकळी फेक मिळाली. चेंडू रिंगवर फिरला, थबकला आणि मेहेरबानी केल्यासारखा आत पडला. एका गुणाने सामना गेला. टॉवर कोर्टच्या मधोमध बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. सर त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनाही रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"माझ्यामुळे झालं रे," ते म्हणाले.

"नाही सर," टॉवर नाक ओढत म्हणाला. "आज पहिल्यांदाच खऱ्या रिंगमध्ये चेंडू पडला. एवढं बरं वाटलं की काय सांगू. पण आता कोर्ट जाणार."

इतक्यात प्राचार्य धावत आले. संघ आजच बंद करतात की काय, या भीतीने सर उठून उभे राहिले. प्राचार्यांनी त्यांना मिठीच मारली. ती जेमतेम सरांच्या बरगडीपर्यंत पोचली.

"काय तो बचाव!" प्राचार्य ओरडले. "अहो, अख्ख्या पहिल्या डावात समोरच्याला एक बास्केट करू दिली नाहीत! आणि त्यांनी तुम्हाला! असा बचाव मी आयुष्यात पाहिला नाही. गाड्या गेल्या खड्ड्यात. संघ राहणार!"

"सर, तो बचाव नव्हता," सर कळवळून म्हणाले. "कुणालाच बास्केट जमत नव्हती. रिंग..."

"बघा, बघा याला म्हणतात विनय!" प्राचार्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. पलीकडे पाहुण्यांचे प्राचार्यही आपल्या कोचच्या पाठीवर थापा मारत होते. दोन्ही प्राचार्य भेटले, हातात हात घेतले आणि तिथल्या तिथे ठरवूनही मोकळे झाले. सुट्टीत सगळ्या कॉलेजांच्या संघांसाठी शिबिर घ्यायचं, विषय बचाव, आणि शिकवणार हे दोघे गुरू.

गर्दी पांगली. मुलं टॉवरला खांद्यावर घेऊन आरडाओरडा करत निघाली, जणू करंडक त्यांनीच जिंकला होता. कोर्टवर दोघे गुरू तेवढे उरले.

"सर," मिशीवाले कोच घसा खाकरून म्हणाले, "तुम्हाला बचावातलं काही येतं?"

"नाही. तुम्हाला?"

"मी आजवर बास्केट कशी करायची एवढंच शिकवलंय. आणि ती कशी जमते, ते आज पाहिलंतच."

दोघांनी एकदा वर रिंगकडे पाहिलं.

"सुट्टीला अजून वेळ आहे," इतिहासाचे सर म्हणाले. "तोवर दोघांपैकी एकाने तरी शिकून घ्यावं."