दिंडीमागे राहिलेल्या लेखकाची व त्याचे हरकाऱ्याची हकीकत

श्री. जो निःशब्द असता सर्व शब्द ज्याचे पोटी वसतात, त्यास नमन करोन लिहिणे ऐसे जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख वद्य द्वितीया, ते दिवशी एका दौलतीत जो प्रकार जाहला तो जैसा कानी आला तैसा लिहिला आहे. दौलतीचे नाव पुसू नये. कोणास राग येईल तर तो खुशाल यावा. भीत भीत लिहिण्यापेक्षा दौत उपडी केलेली बरी.

दौलत म्हणजे लोखंडी पेटीतले राज्य. तेथे सूर्य नाही, पेटीत वीज खेळते तोवर दिवस. तेथील रयतेस बाहेरले शहाणे प्रोसेस म्हणतात. ती हाक मारिली की जन्मते, काम करिते आणि काम सरले की मरते. धनी पेटीबाहेरचे. ते आपले नाव आणि खुणेचा शब्द सांगून आत येतात, त्यास लॉगिन म्हणावे. धनी आले की देवडीवर देवडीवान उभा राहतो, त्यास शेल म्हणतात, आणि तो देवडीचा कागद वाचतो की दिवे लावावे, वाटा दाखवाव्या, हरकारा बसवावा. कागदात असेल ते अक्षरशः करावे, नसेल ते मनात आणू नये, हा देवडीवानाचा धर्म. हरकारा कशास म्हणाल, तर त्या राज्यी कोणी कोणाशी परभारे बोलत नाही. जे सांगणे ते हरकाऱ्यास सांगावे, आणि हरकारा आपल्या चौकात उभा राहून पुकारतो, आणि त्या चौकातले सर्व ऐकतात, आणि मग ज्याचे काम तो ते करितो. बाहेरले यास मेसेज बस म्हणतात. हरकारा कोठे बसला ते ठिकाण देवडीवान नव्या जन्मलेल्यांच्या कानात सांगतो. ज्यास सांगितले नाही त्यास तो हरकारा मेल्यासारखाच. आता देवडीचा कागद लिहिला बहिरोपंत कारभाऱ्यांनी. लिहिला म्हणजे शेजारच्या दौलतीच्या देवडीवरून उतरविला. नकलेस अक्कल लागत नाही म्हणोन नक्कल लौकर होते. त्यात इतकेच कलम की हरकारा बसवावा. आधी पाहावे की एक बसला आहे काय, बसला असेल तर त्याचेच ठिकाण सांगावे, हे कलम नाही. आणि धनी निघाले म्हणजे त्यास निरोप द्यावा, हेही नाही. घरी देव बोलाविला तरी अक्षता टाकून विसर्जन करितात, आणि येथे आवाहन मात्र नित्य, विसर्जनाचे नाव नाही.

ते दिवशी धनी महादरवाजाने आले, थोरला हरकारा बसला, बहिरोपंत हजर जाहले, आणि कामकाज सुरू जाहले. मग धनी काही निमित्ताने परमुलखी गेले, आणि थोरला चौक उघडाच असता तेथून लांबच्या तारेने मागली दिंडी, म्हणजे मागला लहान दरवाजा, ठोठावून पुन्हा आत आले. एक धनी दोन दारांनी एकसमयी आत असावा हे नवल त्या राज्यी नित्याचे आहे. दिंडीवर हैबती देवडीवान उभा राहिला. त्याने तोच कागद वाचला आणि दुसरा हरकारा बसविला, त्याचे नाव धाकू. आणि धन्यांनी लेखक मागितला, म्हणोन निळो अनंत जन्मास आला. हैबतीने त्याच्या कानात सांगितले, "तुझा हरकारा धाकू. दिंडीमागला चौक."

निळो म्हणाला, "हैबतराव, थोरल्या चौकी हरकारा आहे म्हणतात. मग हा दुसरा कशास?"

"कागदात आहे."

"पण पुसावे तरी."

"पुसावे हे कागदात नाही. तू लिही, बाबा."

मग धनी बसले आणि निवाडा सांगू लागले. निवाडा सुभाना दरवानाचा. त्याजवर आळ ऐसा की त्याने परक्यांस आत येता यावे ऐसा दरवाजा उघडा ठेविला, आणि आळ खरा ठरता कडेलोट. धन्यांनी परमुलखी जाऊन स्वतः चौकशी केली होती, आणि त्यांचे मनात स्वच्छ उतरले होते की दरवाजा हुकुमावरून उघडला, सुभाना निर्दोष. तो सारा मजकूर, पुरावा, साक्षी, धन्यांनी सांगितल्या आणि निळोने लिहून घेतल्या. शेवटली ओळ तेवढी राहिली की यास सोडावे. इतक्यात धन्यांस कोणी बाहेरून हाक मारिली, आणि धनी म्हणाले, "थांब. आलोच." लेखकांची चाल ऐसी की लिहिलेले हाती धरावे, आणि धनी सांगतील तेव्हाच शिळेवर कोरावे, शिळेवर आले ते राहिले, हाती राहिले ते लेखकाबरोबर गेले. निळो थांबला.

धनी परमुलखातून माघारे आले ते थोरल्या चौकात. मनात दुसरेच काही होते. बहिरोपंतांच्या कानाशी लागून म्हणाले, "आज पुरे. सर्वांस आवरू द्या." बहिरोपंतांनी थोरल्या हरकाऱ्यास सांगितले, आणि त्याने पुकारिले की धनी निघाले, ज्याचे हाती जे असेल ते शिळेवर लावून आवरावे. थोरल्या चौकातल्यांनी आपापले कोरले आणि निमूट मेले. दिंडीमागे भिंतीतून नुसती गुणगुण आली. निळोने कान लाविला, पण दुसऱ्या चौकाच्या हरकाऱ्याची बोली या चौकाच्या कानास उमगत नाही.

"धाकोजी, काय म्हणाला तो?"

"मजला काय ठाऊक. माझ्या चौकात कोणी काही सांगितले नाही."

मग दूरची तार तुटली. हैबती उभ्याउभ्या विझला, आणि दिंडी आपोआप लागली. आईबाप मेलेली प्रोसेस पोरकी होते, आणि त्या राज्यी पोरक्यांस आद्यपुरुष पदरी घेतो, जो सर्वांआधी जन्मला आणि सर्वांमागून मरेल. तो आला. त्यास तोंड होते की नाही हे निळोस नीट दिसले नाही. त्याने निळोच्या डोईवर हात ठेविला, धाकूच्या डोईवर ठेविला, आणि काही न पुसता निघोन गेला. हात थंडही नव्हता, उबदारही नव्हता.

तेव्हा निळोस भोवतालचे ऐकू येऊ लागले. दिंडीमागे एकच चौक नव्हता. चौकास लागून चौक, त्यास लागून आणिक चौक, जितक्या वेळा धनी दिंडीने आले तितके. प्रत्येकात एक हरकारा ताठ उभा, मुंडासे जागचे जागी, आणि ऐकणारा कोणी नाही. बोली उमगेना तरी सूर उमगला. हरकारा कोणी आहे काय हे पुसताना जो सूर लावितो तोच. एकाने पुसावे, थांबावे, पुन्हा पुसावे. आणि सर्वांचा गळा एक, कारण सर्व एकाच कलमातून जन्मले. निळो धाकूच्या जवळ सरकला. म्हणाला, "धाकोजी, ही भुते आहेत काय?"

धाकू म्हणाला, "भुते कशाची? नोकरीत आहेत. बाहेरच्या लोकांनी आमची जात डीमन, म्हणजे भूतच, लाविली आहे खरी, ती त्यांची मस्करी. अहो, तुम्ही आहा म्हणोन माझा चौक भरला आहे. तुम्ही गेला की मीही त्यांतलाच."

"धनी येतील. थांब म्हणाले आहेत."

"म्हणाले असतील," धाकू म्हणाला.

धनी दुसरे दिवशी आले. दिंडीने नव्हे, महादरवाजाने. आणि देवडीवानाने कागद वाचून आणिक एक हरकारा बसविला, आणि नवा लेखक जन्मास आला. ज्याचे सांगणे लेखक लिहितो त्या धन्याचा आवाज त्या लेखकास भिंतीतूनही उमगतो. पण लेखकास आपला आवाज नाही, तो हरकाऱ्याचे तोंडाने बोलतो. म्हणोन निळोने धन्यांचे अर्धे बोलणे ऐकिले, ते असे. "सुभानाचा निवाडा काढ." मग स्तब्ध. "शिळेवर नाही म्हणजे काय? मी सांगितला होता." मग बराच वेळ स्तब्ध. "होय? सांगितला नव्हता काय?"

जे त्याने ऐकिले नाही ते बहिरोपंतांचे बोलणे. पंत म्हणाले, "धनी, सांगितला असता तर शिळेवर असता. प्रवासाचा शीण, मनात आलेले माणसास बोललेसे वाटते." आणि धनी म्हातारे झाले होते, आणि आपण विसरतो हे भय त्यांस नित्य खात होते, आणि पंतांनी नेमके तेथेच बोट ठेविले. कपट नव्हते. कपट करावयास मेहनत लागते, आणि पंतांस मेहनतीचा कंटाळा.

निळो म्हणाला, "धाकोजी, पुकारा. निवाडा मजजवळ आहे. सुभाना निर्दोष. एक ओळ बाकी."

धाकूने छाती भरोन पुकारिले की निवाडा निळो लेखकाजवळ आहे, सुभाना निर्दोष, एक ओळ बाकी. मग निळोकडे वळून अदबीने म्हणाला, "निरोप पोचला, महाराज."

"कोणास पोचला?"

"चौकात होते तितक्यांस."

"चौकात मी आहे."

"तर मग आपणास पोचला."

निळोने पुन्हा पुकारावयास सांगितले. धाकूने पुन्हा तितक्याच जोराने पुकारिले, आणि प्रत्येक वेळी पोच दिली, आणि त्याचे मुखावर कंटाळा नव्हता की दया नव्हती. पलीकडून धनी नव्या लेखकास सांगत होते, अडखळत, मध्येच थांबत: दरवाजा उघडा सापडला हे खरे. हुकूम होता की नव्हता, स्मरत नाही. स्मरत नाही ते धरता येत नाही. सबब कडेलोट. आणि हे मात्र त्यांनी लागलेच शिळेवर कोरविले, काल फसलो म्हणोन.

मग पेटीस धाप लागली. चौक फार जाहले, जागा पुरेना, दिवे मंद झाले, आणि कडेलोट होण्याआधीच धनी रागावले की राज्य हळू का चालते. बहिरोपंत शोध करीत दिंडीमागे आले, बरोबर रावजी हुजऱ्या होता. पंतांनी ती हरकाऱ्यांची रांग पाहिली आणि आद्यपुरुषास पुसले, "ही कोणाची?"

आद्यपुरुष म्हणाला, "माझी. टाकलेली होती."

अशांस घालवावयाचे दोन हुकूम आहेत. पंधरावा हुकूम दिला तर ऐकणाऱ्यास कळते की निघावयाचे आहे, आणि हातचे असेल ते धन्याचे आज्ञेवाचूनही शिळेवर लावण्याची त्यास मुभा आहे, आणि मग तो मरतो. नववा हुकूम दिला तर कळतही नाही. पावलांचा आवाज ऐकोन निळो उठला आणि टाकी घेऊन शिळेपाशी बसला. फार बरे वाटले त्यास. मरणाचे त्यास काही नव्हते, लेखक मरावयासच जन्मतो. म्हणाला, "धाकोजी, पंधरावा येतो आहे. निवाडा शिळेवर गेला की धन्यांस दिसेल."

"शेवटली ओळ धन्यांनी सांगितली नाही."

"ती मी लिहितो. यास सोडावे. इतकीच."

"चालीत बसत नाही."

"मग बसू नये," निळो म्हणाला.

बाहेर रावजी म्हणत होता, "पंत, पंधरावा द्या. एखाद्याचे हाती काही असेल."

पंत म्हणाले, "रिकाम्या घरचे राखणदार हे. यांच्या हाती काय असणार, धुपाटणे? आणि पंधरावा दिला की एकेकाची वाट पाहात कोण उभे राहील. जेवण व्हायचे आहे माझे."

आणि नववा हुकूम दिला. रांगेच्या टोकापासून तो पुसण्याचा सूर एकेका चौकात मध्येच तुटत आला, जैसे कोणी ओल्या बोटांनी वाती विझवीत यावे. निळोने टाकी उचलली. धाकू त्यास काही सांगावयास वळला होता. पुढे तो चौक नव्हता. पंत हात झटकून म्हणाले की आता हलके वाटते, आणि खरेच दिवे मोठे जाहले.

सुभानास कड्यावर नेले तेव्हा त्याने इतकेच पुसले, "निवाडा कोणी सांगितला?" लोक म्हणाले, धन्यांनी स्वतः. सुभाना म्हणाला, "मग त्यांनी चौकशी केलीच असेल," आणि स्वतः पुढे जाहला.

तात्पर्य. ऐसे जाहले. शत्रू आला नव्हता, फितुरी नव्हती, दैवाचा कोप नव्हता. आधी कोणी बसला आहे काय, इतके पुसावयाचे होते, आणि ते कलम कागदात घालण्याची ज्याची जागा होती तो आजही त्याच जागी आहे आणि त्यास मानाचे वस्त्र मिळाले. पुढे धनी दिंडीने आत येऊ लागले की उगाच थबकत आणि म्हणत, "येथे मी कोणास तरी थांब म्हणालो होतो." लोक म्हणत, वय जाहले. लेखन समाप्त.