पोट कोणाचं?

मुलांच्या औषधाचं माहितीपत्रक लिहिणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! बालरुग्णालयात औषधांची खिडकी मी सांभाळतो. औषधांची नावं मला सासुरवाडीच्या माणसांच्या नावांपेक्षा पटकन आठवतात. म्हणून आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी मला आणि वॉर्डातल्या सिस्टरना बोलावून सांगितलं, "आईवडिलांना एका वाचनात कळेल असं लिहा," तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "उद्या सकाळी टेबलावर!"

"आधी एखाद्या घरी वाचायला देऊन बघू," सिस्टर म्हणाल्या.

"द्या की! टाळ्या वाजवतील!"

पहिली प्रत गेली कान पिकलेल्या एका चिमुरडीच्या वडिलांकडे. गृहस्थ शाळेत व्याकरण शिकवायचे. जाणकार वाचक! त्यांनी पत्रक वाचलं, पुन्हा वाचलं, गंभीर झाले आणि म्हणाले, "मुलीसाठी काहीही करू!"

केवढी ही माया, मला वाटलं.

काही दिवसांनी सगळं कुटुंब परत आलं. चिमुरडी पुढे, हातात बिस्कीट, टुणटुण उड्या मारत. मागून वडील, भिंत धरून. त्यांच्या मागे आई, रिकाम्या पोत्यासारखी. शेवटी आजी, आणि आजींची नजर नातीच्या बिस्किटावर खिळलेली!

"हिचा कान अजून दुखतोय," वडील खुर्चीत कोसळत म्हणाले, "पण आधी आम्हाला तपासा."

मॅडम दचकल्या. "सगळे आजारी? उलट्या होतायत का?"

"उलटीला पोटात काहीतरी लागतं, बाई!" आजी कडाडल्या.

वडिलांनी खिशातून पत्रक काढलं. "'औषध दिवसातून चार वेळा उपाशीपोटी द्यावे.' द्यायचं कोणी? मी! कर्ता मी, तर पोटही कर्त्याचंच! पण चार वेळा उपाशी राहायचं तर जेवायचं कधी? दुसऱ्याच दिवशी मला भोवळ आली. मग पाळ्या लावल्या. दुपारची हिच्या आईला दिली, संध्याकाळची आजीला."

"आणि मुलगी?" सिस्टरनी विचारलं.

"ती? ती भरपेट जेवून औषध घ्यायची!"

म्हणजे घरात जे पोट रिकामं हवं होतं, तेवढंच भरलेलं होतं!

"पण एवढं तर कुणालाही..." मी तोंड उघडलं. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की उरलेलं वाक्य मी पाण्याशिवाय गिळलं.

त्यांनी चिमुरडीचा कान तपासला. "घाबरू नका. आता नीट पाजा, बरी होईल."

सिस्टरनी उपाहारगृहातून ताटं मागवली. आजींनी घास उचलला, थबकल्या, आणि थेट मला विचारलं, "हे तरी कोणाच्या पोटात घालायचं, ते स्पष्ट सांगा!"

त्याच संध्याकाळी सिस्टरनी माझं वाक्य खोडून लिहिलं, 'मुलाने काही खाण्याच्या एक तास आधी हे औषध मुलाला पाजा. तुम्ही पोटभर जेवा.' व्याकरणवाल्या गृहस्थांनी वाचून मान डोलावली. पत्रक छापलं, घरोघर गेलं, मॅडमनी सिस्टरचं तोंडभरून कौतुक केलं.

माझंही एक वाक्य त्यात टिकलंय बरं का! अगदी तळाशी, ठळक अक्षरात: 'हे पत्रक मुलांपासून दूर, कुलूपबंद ठेवा.'

ठेवायचं होतं औषध. आता रोज खिडकीवर फोन येतो, "साहेब, पत्रक कपाटात बंद केलंय, चावी सापडत नाही. औषध किती द्यायचं?"