चंद्रावरचा कोट

हसनभाई शिंप्यांनी माझं माप पहिल्यांदा घेतलं ते चंद्रावर जाण्यासाठी. मी गेलो होतो मेव्हणीच्या लग्नाचा कोट शिवायला. पण खांद्याला टेप लावून हसनभाई म्हणाले, "मास्तर, तितं गारठा लय. अस्तर दुहेरी घालू." आणि खरोखरच घातलं. साताऱ्यातल्या भर मे महिन्यात तो कोट घालून मी मांडवात काय सोसलं, ते वऱ्हाडाला विचारा.

माझा दोष एवढाच, की हसनभाईंच्या कादंबरीचा नायक माझ्यासारखाच किडकिडीत होता. ही चंद्रावरची कादंबरी ते सात वर्षं लिहीत होते. महायुद्धामुळे कागद मिळेना, म्हणून कापडाच्या ठाणाला गुंडाळून येणाऱ्या खाकी कागदावर. त्यामुळे नायक ढगांतून वर चाललेला असताना मध्येच कुणाच्या तरी पायजम्याच्या कंबरेचं माप लागे.

शास्त्राचा अभ्यास म्हणाल, तर गावात तंबूतला सिनेमा आला की हसनभाई सर्वांत पुढं. परग्रहावरचा राजा पडद्यावर यायचा, सारा तंबू शिट्ट्या मारायचा आणि हे मोठ्यानं म्हणायचे, "आरं, बगलंत उसवलाय त्यो! ह्यो काय राज्य करणार?" कुठल्याही थोर कलाकृतीवर त्यांचा शेरा ठरलेला. "शिवण कच्ची हाय."

त्यांची स्वतःची शिवण मात्र पक्की. नायक यानात बसण्याआधी आई त्याच्या हातावर दही घालते, तो "येतो" म्हणतो, आणि चंद्रावर उतरतो तर समोर जकात नाका! पुढं रॉकेलला रांग.

"चंद्रावर रॉकेल कशाला, हसनभाई?"

"चंद्राच्या मागल्या अंगाला अंधार असतोय, मास्तर. शिकवता तरी काय पोरांस्नी?"

हे सगळं ऐकणारी माणसं दोनच. एक मी, कारण नायकाला माप माझं होतं. दुसरी साळूबाई, दुकानाच्या पायरीवर भाजी विकणारी. तिचा पोरगा म्हादू लढाईवर गेला होता. लढाई संपून शिपाई घरी यायला लागले, म्हादूचं पत्रसुद्धा नव्हतं. ती त्याबद्दल बोलत नसे. मेथी निवडत कादंबरी ऐकायची आणि उठताना विचारायची, "भाई, उतारला का वो तुमचा पोरगा खाली?"

"न्हाई अजून, अक्का. वाटंत हाय."

आणि एक दिवस पुण्याच्या प्रकाशकाचं पत्र आलं. कादंबरी छापतो, पण नायक चंद्रावरच मरू द्या. वाचक रडला की पुस्तक खपतं. हसनभाईंनी त्यातलं 'छापतो' एवढं अख्ख्या पेठेला वाचून दाखवलं, पुढचं फक्त मला. मी म्हणालो, "मारा की! नाहीतरी रांगेत उभा राहून अर्धा मेलाच आहे."

मशीन दोन दिवस बंद ठेवून त्यांनी त्याला मारला. साळूबाई यायच्या आत मला वाचून दाखवलं. खोटं कशाला सांगू, फार सुरेख मारला होता. सात वर्षांत पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

तेवढ्यात साळूबाई आली, पाटी उतरवून बसली. "वाचा की, भाई."

हसनभाईंनी कागद उचलला. तो मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाले, "आला की, अक्का! किष्णेच्या वाळवंटात उतारलाय. कोट तेवडा मळलाय."

"मळंना का," साळूबाई म्हणाली. "आय धुवंल." आणि पदरानं डोळे पुसून तिनं मेथीची जुडी पुढं ओढली.

ती गिऱ्हाइकाकडं वळल्यावर मी हळूच पण चिडून म्हणालो, "अहो, सात वर्षं! छापून येत होती!"

हसनभाईंनी मरणाचं ते पान टेबलावर पसरलं आणि कात्रीनं त्यातून झबल्याच्या बाहीचा नमुना कापायला घेतला.

"मास्तर, 'येतो' म्हणून घरातनं भाईर पडलेलं पोरगं हाय त्ये. त्याला तितंच ठिवणारा मी कोण?"

मी टोपी घातली, पायरी उतरलो.

"येतो, हसनभाई."

"या," ते म्हणाले. कात्री चालूच होती.