आबांच्या जबड्यातला बैल

आमच्या मळवलीतले दगडूआबा डाव्या बाजूनं चावत नाहीत. तिथं बैल आहे, असं त्यांचं म्हणणं.

आबा माझे शेजारी. सत्तरी ओलांडलेला, बैलगाडा शर्यतीत उभा जन्म काढलेला माणूस. रागवायला त्यांना कारण लागत नाही, आणि कारण मिळालंच तर विचारूच नका. बंगलेवाल्यांनी गाणी लावली की, लोकल उशिरा आली की, शेवट ठरलेला: "मला कुनी इचारलं का?"

डाव्या खालच्या दाढा पडून तिथलं हाड पार झिजलं होतं. मुलगा पुण्याला, म्हणून लोणावळ्याला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं काम माझ्या गळ्यात. नवे दात बसवण्याआधी बाईंनी जबड्यात हाडाची पूड भरली. ती बैलाच्या हाडाची असते, हे त्यांनी आधी दोनदा सांगितलं होतं, मी साक्षीला आहे. पण आबा तेव्हा बाईंना शर्यतीचा बैल कसा निवडावा हे समजावत होते. टाके काढताना बाई पुन्हा बोलल्या आणि ते मात्र नेमकं ऐकू गेलं.

"बैल? कुनाचा? नाव काय त्याचं?"

"परदेशातून येते हो आबा. डबीत."

"डबीत बैल? मला कुनी इचारलं का? काडा आत्ताच्या आत्ता."

बाईंनी शांतपणे सांगितलं, पूड नुसता आधार देते, त्या आधारानं तुमचंच हाड हळूहळू वाढतं, तोवर तिथं चावायचं नाही.

"म्हंजे वडायचं त्यानं आन् मिरवायचं म्या," आबा म्हणाले, आणि स्कूटरवर मागं बसून मळवलीपर्यंत माझ्या कानाशी भांडत आले. जणू ती पूड मीच दळली होती.

पुढचे महिने अख्ख्या आळीनं सोसलं. पेज पातळ झाली तरी शिव्या, घट्ट झाली तरी शिव्या. श्रावणात बाईंनी जबड्याचा फोटो काढला. हाड छान भरलं होतं. दात बसतील तेव्हा बसतील, पण मऊ काही डावीकडनंही खा, बाई खुशीत म्हणाल्या. तरी आबा आपले उजवीकडूनच. आता मात्र माझं टाळकं फिरलं. रजा काढून एवढे हेलपाटे मारले ते कशासाठी?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी जाब विचारायलाच गेलो. आबा रिकाम्या गोठ्यात बसले होते. शेवटचा बैल, सर्जा, म्हातारा झाल्यावर त्यांनीच व्यापाऱ्याला दिला होता, तेव्हापासून दावणीला कुणी नाही. हातात हळद कालवलेल्या तुपाची वाटी होती. या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात. आबा स्वतःचा डावा गाल मळत होते.

"हे काय, आबा?"

"खांदेमळणी. दिसंना व्हय, सायेब?" ते खेकसले. "कवाधरनं वडतोय माज्यासाठी. त्याला तरी कुनी इचारलं व्हतं?" मग दावणीकडं बघत म्हणाले, "सर्जाला दिला तवा म्या बी न्हाई इचारलं."

माझा राग जागच्या जागी विरला. फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "उद्या पुरणपोळी तरी डावीकडनं खाणार ना?"

मी जन्मात कधी पोळा बघितला नसावा, अशा नजरेनं आबांनी माझ्याकडं पाहिलं.

"पैला घास त्याचाच असतोय," ते म्हणाले.