ठकीचा पासवर्ड

जावईबापूंनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि जाहीर केलं, की पाच मिनिटांचं काम आहे. त्यांनी पाच मिनिटांचं काम हाती घेतलं की घरातले लोक आधी जेवून घेत. आज मात्र कुणाला भूकच नव्हती.

सासऱ्यांना जाऊन आठवडा झाला होता. घशाच्या ऑपरेशनने आधी त्यांचा आवाज गेला, वर्षभराने तेही गेले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी बायकोसाठी काहीतरी बोलून या लॅपटॉपमध्ये ठेवलं होतं. ते आपल्यामागे ऐकायचं, असं नंतर कागदावर लिहूनही दिलं; पासवर्ड लिहायचा तेवढा राहिला. सासूबाईंना तो आवाज एकदा ऐकायचा होता, बाकी काही नको होतं.

सासरे पक्के लिनक्सवाले, विंडोजला हात न लावणारे. जावयांनी त्यांची जन्मतारीख टाकली, मग लेकीचं नाव, मग नावापुढे जन्मसाल. लॉक स्क्रीन ढिम्म! तेव्हा सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "ठकी टाकून बघा. मला म्हणायचे तसं. कुणी नसताना."

जावयांनी टाकलं. चुकीचा पासवर्ड. कॅप्स लॉक पाहिलं, कीबोर्डची भाषा तपासली, एकेक अक्षर सावकाश दाबलं. तरी चुकीचा.

"ठकी नाही. दुसऱ्या कुणाचं तरी नाव असणार," ते म्हणाले.

बोलले ते कॉम्प्युटरपुरतं, पण लागलं भलतीकडेच. लेक आधी भडकली, मग तीच विचारात पडली. बाबांच्या ऑफिसातली टायपिस्ट निघाली, समोरच्या इमारतीतली नर्स निघाली. जावई उत्साहाने एकेक नाव टाकत गेले. सगळी चुकीची निघाली, तरी सासूबाईंचा चेहरा उतरतच गेला. शेवटी त्या उठल्या, नवऱ्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि आत निघून गेल्या.

लेकीने नवऱ्याला बाल्कनीत नेऊन फैलावर घेतलं. तिची नजर चुकवायला जावयांनी मोबाइलवर लिनक्सच्या पासवर्डचं शोधायला घेतलं, आणि तिथे त्यांना कळलं, की पासवर्ड तीनदा चुकला की हे यंत्र दहा मिनिटं रुसून बसतं. मग खरा पासवर्ड दिला तरी चुकीचाच म्हणतं. ठकी टाकण्याआधीच जावयांच्या तीन चुका झाल्या होत्या. ते धावत घरात आले.

फोटो सरळ झाला होता. लॅपटॉपचं लॉक उघडलं होतं. सासूबाई त्याच्यासमोर बसल्या होत्या आणि आतून सासऱ्यांचा जुना, धडधाकट आवाज येत होता, "ठके, रडत बसू नकोस..."

जावई अडखळत तीन चुकांचं सांगू लागले. सासूबाईंनी डोळे पुसले.

"ह्यांचंही तसंच होतं. बिनसलं, की खरं सांगितलेलंही ऐकायचे नाहीत. थोडा वेळ गप्प राहावं लागायचं, म्हणून राहिले." त्या पुन्हा लॅपटॉपकडे वळल्या. "तुमची पाच मिनिटं झाली असतील, तर जेवून घ्या."