अप्पांनी झाडं काढून टाकली

आमच्या शेजारच्या अप्पांनी एका दुपारी अख्खं जंगल काढून टाकलं आणि वर म्हणाले, "आता कसं मोकळं वाटतंय!"

जंगल कॉम्प्युटरवरच्या गेममधलं होतं. कडा गावात अप्पांचं नट-बोल्टचं दुकान आहे. बिलं करायला घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते गेम खेळतात. वय साठीचं, कपाळाला भस्म आणि हातात माऊस.

मी शिलाई करते. मशिनचा स्क्रू आणायला गेलं, की आधी गेमची शिकवणी होते. मला मधे बोलायचा संकोच, त्यामुळे अप्पा माझ्यावर खूश.

"वैनी, त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरला एकेक पान रंगवावं लागतं. वर पानाची सावली. मग दमतो, अडकतो. सावली कशाला पाहिजे? काढून टाका!"

हे "काढून टाका" त्यांच्या जिभेवरच बसलं आहे. माझ्या हातातला झालरीचा ब्लाऊज बघून म्हणाले, "झालर काढून टाका, पळंल." एक पाहुणे नारायणगडाच्या जत्रेची हकिगत गाडीच्या पंक्चरपासून सांगायला लागले. अप्पा म्हणाले, "पाव्हणं, पंक्चर काढून टाका, गडावर या."

कॉम्प्युटर तापू नये म्हणून त्याचं झाकण उघडं आणि टेबलफॅन त्याच्याकडे. अप्पा स्वतः घामाघूम. काकू आतून म्हणतात, "मला कधी असा वारा घातला न्हाई!"

"तू कुठं अडकतीस? तू तर थांबतच न्हाईस!"

सगळा खटाटोप रविवारसाठी. त्यांची मुलगी गौरी पुण्याला नोकरी करते. रविवारी बापलेक गेममध्ये भेटतात. तिचा एक माणूस, यांचा एक. बोलत बोलत तासभर हिंडतात.

मध्यंतरी गेम नवा होऊन आला, जास्त नटूनथटून. अप्पांचा माणूस दोन पावलं टाकून गोठायला लागला. गौरी पार पुढं जायची. "अप्पा, कुठं राहिलात?"

"फुलं बघत होतो गं."

मी धीर करून म्हटलं, "सांगा ना तिला, अडकतंय म्हणून."

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "सांगितलं तर म्हणंल, राहू द्या, फोनवर बोलू. फोनवर 'जेवलात का' विचारती अन् ठेवती. हितं तासभर संगं चालती, वैनी."

मग ते आठवडाभर खपले. गवत गेलं, नदीचं पाणी गेलं, लांबचे डोंगर गेले. चित्र इतकं ढोबळ केलं, की माणसाला नाक राहिलं नाही.

रविवारी मी काकूंचा ब्लाऊज द्यायला गेले. पडद्यावर राखी रंगाची सपाट जमीन, वर तसंच राखी काहीतरी, आणि मधे दोन ठोकळ्यांसारखी माणसं. पण दोघं बरोबरीनं चालत होती, कुठं अडकत नव्हती.

एकदम गौरीचा आवाज आला, "अप्पा, थांबा थांबा. आभाळ बघा ना! कसलं केशरी झालंय!"

मी पडद्याकडे पाहिलं. केशरी काहीच नव्हतं. आभाळही अप्पांनी काढून टाकलं होतं.

अप्पा पुढं वाकले. चष्मा वर केला.

"लई झकास गं! डोंगराच्या आड चाललाय बघ सूर्य."

"हो ना! नदीतपण दिसतोय."

"दिसतोय की."

"बसायचं का जरा इथंच?"

अप्पांनी माऊसवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"बस की. मला कुठं जायचंय!"